लूपससाठी रिटुक्सिमॅबची ड्रिप: औषध, खर्च, डे केअर सगळ्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचत बसायला नको. लूपस म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या अवयवांवर उलटण्याचा आजार, आणि रिटुक्सिमॅबने तो मुळापासून बरा होत नाही, माझाही झालेला नाही. पण माझं स्टेरॉइड 40 मिलिग्रॅमवरून उतरत उतरत 5 वर आलं, लघवीतून जाणारं प्रोटीन तीन ग्रॅमच्या वर होतं ते अर्ध्या ग्रॅमच्या खाली आलं, आणि माझ्या मते ह्या औषधाचा हिशोब ह्याच दोन आकड्यांवरून करावा. केस गळायचे थांबले का, सांधे मोकळे झाले का, गालावरची ती फुलपाखरासारखी लाली गेली का, हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण तेवढं तर स्टेरॉइड वाढवलं तरी होतं. स्टेरॉइड कमी करूनही ते टिकतंय का हा खरा प्रश्न आहे आणि रिटुक्सिमॅबसारख्या मॉनोक्लोनल अँटीबॉडीसाठी (म्हणजे कारखान्यात बनवलेल्या अँटीबॉडीसाठी) एवढे पैसे मोजायचे ते त्याचसाठी.

माझी केस थोडक्यात. मी सांगली जिल्ह्यातली, सहकारी बँकेत कामाला, वय पस्तिशीच्या आतबाहेर. सुरुवात बोटांच्या सांध्यांपासून झाली, सकाळी उठल्यावर मुठी वळायच्या नाहीत, तर सगळ्यांनी संधिवात म्हणून सोडून दिलं. मग उन्हातून आलं की गाल लाल, येऊन जाऊन ताप, तोंडात टाळूला फोड, आणि शेवटी पायांवर सूज आणि लघवीला फेस. फेसाचं ऐकल्यावर मात्र आमच्या गावच्या फिजिशियननी एक दिवससुद्धा वाया घालवला नाही, एएनए आणि डीएसडीएनए ह्या लूपसच्या अँटीबॉडींच्या तपासण्या दोन्ही पाठवल्या, सी3 सी4 (लूपस भडकला की रक्तात कमी होणारी प्रोटीनं) कमी आले, त्याच संध्याकाळी चिठ्ठी देऊन पुण्याला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांध्यांच्या आणि लूपससारख्या आजारांच्या डॉक्टरांकडे, धाडलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. किडनीच्या बायोप्सीत लूपस नेफ्रायटिस क्लास फोर, म्हणजे लूपसमुळे किडनीला आलेली गंभीर सूज, निघाली. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) आणि भरपूर स्टेरॉइड चालू झालं, सुरुवातीला छान गुण आला, पण स्टेरॉइड 10 च्या खाली आणायला गेलं की प्रोटीन पुन्हा वर, परत डोस वाढवा, परत कमी करा, असं चक्रच लागलं.

स्टेरॉइडला शिव्या देणारी मी नाही. पहिल्या महिन्यात किडनी सावरली ती त्यानेच. पण ते वर्षानुवर्षं मुक्कामाला राहिलं की वाळवीसारखं आतून पोखरतं. चेहरा गोल झाला, रात्रीची झोप गेली, साखर वाढली, बारीकसारीक गोष्टीवरून मी घरच्यांवर खेकसायला लागले. लोक लग्नकार्यात भेटले की म्हणायचे तब्येत चांगली सुधारलीये हं, आणि घरी येऊन मला रडू यायचं. आमच्या पेशंटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधल्या एका मुलीचा खुब्याचा सांधा तिशीच्या आत बदलावा लागला, हाडाचा रक्तपुरवठाच बंद पडला होता. युलार म्हणून युरोपातल्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट लोकांची संघटना आहे, त्यांच्या 2023 च्या शिफारशींत सरळ म्हटलंय की लूपसमध्ये कायमचं चालू ठेवायचं प्रेडनिसोलोन, म्हणजे हेच स्टेरॉइड, रोज 5 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असावं आणि जमेल तेव्हा बंदच करावं. हा 5 चा आकडा माझ्या डॉक्टरांनी फाईलच्या पहिल्या पानावर गोल करून लिहिला आणि म्हणाले, आपल्याला इथे पोचायचंय, गोळ्यांनी पोचत नाहीये तर दुसरं काहीतरी करावं लागेल.

त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक एंडोक्सान म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड. लूपसच्या किडनीसाठी जुनं, कमी खर्चाचं आणि भरपूर वापरलेलं औषध. हल्ली ते पूर्वीइतक्या मोठ्या डोसात देत नाहीत, युरो-लूपस नावाची पद्धत आहे त्यात 500 मिलिग्रॅम दर पंधरा दिवसांनी असे सहाच डोस असतात, एकूण 3 ग्रॅम. पण ते बीजांडकोशावर परिणाम करू शकतं, एकूण डोस जितका जास्त आणि बाईचं वय जितकं जास्त तितका धोका वाढतो, आणि मला मूल हवंय. दुसरी वाट रिटुक्सिमॅब. मी दुसरी निवडली. ज्यांची किडनी वेगाने खाली जातेय त्यांना डॉक्टर एंडोक्सानच घ्या म्हणाले तर माझ्या रिव्ह्यूवरून नाही म्हणू नका, प्रत्येकीची परिस्थिती वेगळी असते.

आता हे औषध करतं काय ते मला समजलं तसं सांगते कारण हे आधी समजलं की नंतरची अर्धी काळजी कमी होते. लूपसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते. रक्तातल्या बी पेशींपासून पुढे ज्या पेशी तयार होतात त्या आपल्याच शरीराच्या विरोधातल्या अँटीबॉडी बनवतात आणि त्या जाऊन किडनीत, सांध्यांत, त्वचेत बसतात. रिटुक्सिमॅब ही पण एक अँटीबॉडीच आहे, फक्त कारखान्यात बनवलेली, सगळे रेणू हुबेहूब एकसारखे आणि एकाच जागी चिकटणारे. एकाच जातीच्या अशा अँटीबॉडी हव्या तेवढ्या बनवायची युक्ती 1975 मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन ह्या दोघांनी शोधली, त्याबद्दल 1984 चं नोबेल मिळालं. तर रिटुक्सिमॅब बी पेशींवर सीडी 20 नावाचं प्रोटीन असतं त्याला चिकटतं आणि मग शरीर त्या पेशी मारून टाकतं. ज्या मूळ पेशींपासून नव्या बी पेशी जन्मतात त्यांच्यावर सीडी 20 नसतं, त्यामुळे साधारण सहा महिन्यांनंतर, कुणाला वर्षाने, नव्या बी पेशी परत यायला लागतात. आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या ज्या पक्क्या प्लाझ्मा पेशी असतात त्यांच्यावरही ते नसतं, त्या आपलं काम चालूच ठेवतात. म्हणून ड्रिप घेऊन पंधरा दिवसांत डीएसडीएनए खाली आला नाही तर घाबरायचं नाही. आमच्या ग्रुपमध्ये दर महिन्याला कुणीतरी लिहितंच की औषध वाया गेलं, रिपोर्ट तसाच आहे, आणि बघितलं तर ड्रिपला तीन आठवडेच झालेले असतात.

एक गोष्ट लपवून ठेवणं बरोबर नाही. लूपससाठी ह्या औषधाला अमेरिकेच्या एफडीएची मान्यता नाही, ते लिम्फोमा ह्या रक्ताच्या कॅन्सरसाठी 1997 मध्ये आणि संधिवातासाठी 2006 मध्ये मंजूर झालं, लूपसमध्ये डॉक्टर ते स्वतःच्या अनुभवावर आणि मार्गदर्शक सूचनांच्या आधारावर वापरतात. लूपसमध्ये दोन मोठ्या ट्रायल झाल्या, 2010 ची एक्सप्लोरर 257 पेशंटची आणि 2012 ची ल्यूनार 144 पेशंटची, किडनीच्या लूपसवाल्यांची, आणि दोन्हींत ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही. मी हे वाचलं तेव्हा पोटात गोळा आला आणि डॉक्टरांना सरळ विचारलं की मग मला का देताय. त्यांनी चिडचिड न करता समजावलं की त्या ट्रायलमध्ये दोन्ही बाजूच्या पेशंटना आधीपासूनच भरपूर स्टेरॉइड आणि इतर औषधं चालू होती त्यामुळे फरक दिसायला जागाच कमी होती, आणि गोळ्यांना दाद न देणाऱ्या पेशंटमध्ये जगभरातल्या डॉक्टरांना गुण दिसतोय म्हणून युलारच्या सूचनांत अशा केससाठी त्याला जागा आहे. त्यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचं 2013 चं काम पण सांगितलं, 50 पेशंटना रिटुक्सिमॅबचे दोन डोस आणि मायकोफेनोलेट दिलं आणि रोजच्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्याच नाहीत, त्यातल्या 45 जणांना पूर्ण किंवा थोडाफार आराम पडला. त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता, हेही त्यांनीच सांगितलं. असं उलटसुलट दोन्ही सांगणारा डॉक्टर मिळाला की निम्मं दुखणं तिथेच हलकं होतं असं माझं ठाम मत आहे.

तयारी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि ह्याच भागात बहुतेक ठिकाणी घाई होते. ड्रिपच्या आधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, नुसतं एचबीएसएजी नाही तर जुना संसर्ग दाखवणारी कोअर अँटीबॉडी पण, कारण जुनी दबलेली कावीळ ह्या औषधाने उसळून जिवावर बेतू शकते, औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारे छापलेले असतात त्यातला एक ह्याचाच. टीबी बघून घेतात, आपल्याकडे तर बघायलाच हवं. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे आयजीजी (रक्तातल्या संरक्षक अँटीबॉडी) किती आहे ते आधी मोजून ठेवायला सांगा, नंतर कमी झालं तर कशाशी तुलना करणार? आणि लसी. न्यूमोनियाची आणि फ्लूची लस ड्रिपच्या निदान दोन ते चार आठवडे आधी घ्यायची, कारण बी पेशी गेल्यावर लस टोचली तरी शरीर अँटीबॉडी फारशा बनवत नाही, पैसे गेले आणि उपयोग नाही असं होतं. जिवंत जंतूंच्या लसी मात्र अजिबात चालत नाहीत. मला नागिणीच्या लसीबद्दल पण डॉक्टरांनी सांगितलं, शिंग्रिक्स भारतात 2023 पासून मिळते, ती जिवंत लस नाही, महाग आहे पण लूपसमध्ये नागीण इतक्या जणींना होते की मी पदरमोड करून घेतली.

खर्चाचं सांगते. भारतात ह्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने 2007 मध्ये रेडिटक्स बाजारात आणलं, रिटुक्सिमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं), आणि नंतर इंटासचं मॅबटास आणि अजून बऱ्याच भारतीय कंपन्यांचे ब्रँड आले त्यामुळे किंमत उतरली. पण बाटलीवरची एमआरपी आणि खरेदीची किंमत ह्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मला 1000 मिलिग्रॅमचे दोन डोस लागले, पंधरा दिवसांच्या अंतराने, म्हणजे 500 च्या एकूण चार बाटल्या. मी जिथे आधी चौकशी केली त्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये पूर्ण एमआरपी लावली आणि बाहेरून आणलेलं औषध आम्ही चढवत नाही म्हणाले, कोल्ड चेनचं कारण पुढे केलं. कारण खोटं नाही, हे औषध 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं आणि गोठवूनही चालत नाही, पण मग त्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे घ्यायचे हे मला पटलं नाही. मी दुसऱ्या ठिकाणी गेले, तिथल्या डे केअरने (दिवसभरात ड्रिप देऊन घरी सोडणाऱ्या विभागाने) आधीच सांगितलं की बिल, बॅच नंबर आणि आइस पॅकचा डबा नीट असेल तर चालेल. कॅन्सरची औषधं ठेवणाऱ्या होलसेल मेडिकलमधून चारही बाटल्यांचं मिळून पन्नास हजारांच्या आत काम झालं. तेव्हा लूपसवाल्यांनी चौकशी करताना कॅन्सरची औषधं मिळतात तिथे करा, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला मागवून द्यायला लावलं तर तो एमआरपीच लावणार.

इन्शुरन्सबद्दल हे नीट वाचा कारण इथेच बऱ्याच जणींचं घोडं अडतं. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयने 2019 मध्ये आधुनिक उपचारांची एक यादी काढली, ज्यांना कंपन्यांनी पॉलिसीतून सरसकट वगळायचं नाही, आणि त्या यादीत मॉनोक्लोनल अँटीबॉडी इंजेक्शनने देण्याची इम्युनोथेरपी स्पष्ट लिहिलेली आहे. फक्त कंपनी त्याला वेगळी मर्यादा लावू शकते, काही पॉलिसीत विम्याच्या रकमेच्या निम्मीच मिळते वगैरे, ते आपल्या पॉलिसीच्या कागदात शोधायचं. माझा क्लेम आधी टीपीएने (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेने) अडवला, हे कॅन्सरचं औषध आहे आणि पेशंटला कॅन्सर नाही, असं पत्र आलं. डॉक्टरांनी अर्ध्या पानाचं पत्र दिलं, बायोप्सीचा रिपोर्ट, आधीची कुठली औषधं किती दिवस देऊन झाली, युलारच्या सूचना, सगळं जोडलं आणि यादीतली ती ओळ अधोरेखित करून पाठवली. बरीच फोनाफोनी करावी लागली पण पैसे मिळाले. बाटल्यांवरचे स्टिकर फाईलमध्ये चिकटवून घ्यायला विसरू नका, ते मागतातच. ज्यांच्याकडे पॉलिसी नाही त्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला आपल्या आजाराचं नाव सांगून काय काय बसतं ते आधी लेखी विचारून घ्यावं.

आता ड्रिपचा दिवस. मी प्रेशरची गोळी घेते ती त्या दिवशी सकाळी घ्यायची नाही असं सांगितलं होतं, कारण ड्रिप चालू असताना प्रेशर उतरू शकतं. नाश्ता करून या, पाणी भरपूर प्या, लांब बाह्यांचं पण कोपरापर्यंत सरकणारं काहीतरी घाला, एसी जोरात असतो. डे केअरची सिस्टर सोलापूरकडची होती, बोलायला एकदम मोकळी. माझी शीर सापडत नाही, स्टेरॉइडने कातडी पातळ झालीये, तर तिने आधी गरम पाण्याच्या पिशवीने हात शेकला आणि एकाच टोचण्यात कॅन्युला बसवला. मग मिथाइल प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडचं इंजेक्शन), एव्हिल (ॲलर्जीचं औषध), पॅरासिटामॉल आणि अर्धा तास थांबायचं. तोपर्यंत तिने माझ्यासमोर बाटल्या उघडल्या, नाव, बॅच, एक्स्पायरी मोठ्याने वाचून दाखवली आणि सलाईनमध्ये औषध मिसळून पिशवी हळूच उलटी-सुलटी केली. हलवायची नाही, फेस होतो, म्हणाली. हे ती न विचारता करत होती आणि मला तिथेच धीर आला.

वेगाचं गणित सगळ्यांनी माहीत करून घ्या. पहिल्या वेळी ताशी 50 मिलिग्रॅमने सुरू करतात, दर अर्ध्या तासाने 50 ने वाढवतात, जास्तीत जास्त 400 पर्यंत. माझं 1000 मिलिग्रॅम 500 मिलीमध्ये होतं म्हणजे पंपावर ताशी मिलीचा आकडा 25, मग 50, मग 75 असा चढतो. काहीच अडलं नाही तर सव्वाचार तासांत संपतं. मला पंपावर 75 दिसत असताना कानात आणि घशात खाज सुटली, मग छातीवर पित्त उठल्यासारखे लाल चट्टे. मी हाक मारायच्या आत सिस्टर आली कारण ती दर अर्ध्या तासाला प्रेशर बघायला येतच होती. "ताई, घसा आवळल्यासारखं होतंय का? श्वासाला त्रास?" नाही म्हटल्यावर तिने पंप थांबवला, डॉक्टरांना बोलावलं, आणखी एक एव्हिल, अर्धा-पाऊण तास नुसतं सलाईन, आणि चट्टे गेल्यावर निम्म्या वेगाने पुन्हा सुरू. त्यानंतर काही झालं नाही पण घरी जायला अंधार पडला. अशी रिअ‍ॅक्शन पहिल्या ड्रिपलाच जास्त येते, एकदम इतक्या बी पेशी फुटतात आणि औषधाचा काही भाग मूळ उंदराच्या अँटीबॉडीचा आहे म्हणून. ज्या डे केअरमध्ये संध्याकाळी पाचला टाळं लागतं तिथे पहिली ड्रिप दुपारी बाराला लावून घेऊ नका, मग वेग वाढवायची घाई होते, आमच्या ग्रुपमधल्या एकीला असंच झालं आणि ती थरथरून हैराण झाली.

दुसरी ड्रिप पंधरा दिवसांनी, ताशी 100 पासून सुरू, सव्वातीन तासांत आटोपली. मी डबा खाल्ला, झोप काढली, नवऱ्याने शेजारी बसून ऑफिसचं काम उरकलं. डे केअरबद्दल एकच तक्रार, पडदे पातळ आहेत आणि शेजारच्या बेडवर केमोचे पेशंट असतात, पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीला आपल्यालाही कॅन्सर झालाय की काय असं वाटून जातं. माझ्या आईने तर दारातच डोळ्याला पदर लावला होता. कुणीतरी आधी दोन मिनिटं समजावून सांगितलं तर बरं होईल. बाकी स्वच्छता, सिस्टर लोकांचं वागणं, बिलिंग, सगळं चोख.

गुण कसा आला? पहिला महिना काहीच नाही, उलट थकवाच जास्त. सीडी 19 ची (बी पेशी मोजायची) तपासणी केली त्यात बी पेशी जवळपास शून्य, म्हणजे औषधाने काम केलंय, पण किडनीला भरून यायला वेळ लागतो. डॉक्टर ज्या पायऱ्या मानतात त्या अशा की तीन महिन्यांत प्रोटीन निदान पाव हिश्शाने उतरावं, सहा महिन्यांत निम्मं व्हावं आणि वर्षभरात 0.5 ते 0.7 ग्रॅमच्या आत यावं. माझं तिसऱ्या महिन्याला जेमतेम त्या पायरीवर होतं, नंतर मात्र दर रिपोर्टला खालीच. सी3 सी4 वर आले. स्टेरॉइड दर काही आठवड्यांनी थोडं थोडं उतरवत 5 वर आणलं आणि ह्या वेळी प्रोटीन उसळलं नाही तेव्हा खरा जीव भांड्यात पडला. चेहऱ्याची सूज उतरली, रात्री झोप लागते, साखरेची गोळी बंद झाली. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि मायकोफेनोलेट ह्या सगळ्यात चालूच होतं, हे परत सांगते, कारण ड्रिप घेतली म्हणून बाकीच्या गोळ्या सोडणाऱ्या मुली मी बघितल्यात आणि त्यांचा लूपस पुन्हा भडकलाय. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन तर सोडायचंच नाही, फक्त वेळच्या वेळी डोळे तपासून घ्यायचे.

वाईट काय ते पण. सर्दी झाली की सायनसपर्यंत जाते आणि अँटिबायोटिकशिवाय जात नाही. आयजीजी थोडं कमी झालंय, वारंवार ड्रिप घेणाऱ्यांत ते जास्त उतरू शकतं म्हणून दर काही महिन्यांनी मोजतो. ताप आला तर अंगावर काढायचा नाही, 100 च्या वर गेला की मी डॉक्टरांना मेसेज करते आणि सीबीसी करते, कारण काही जणांच्या पांढऱ्या पेशी ड्रिपनंतर कितीतरी आठवड्यांनी एकदम घसरतात. न्यूमोनियापासून बचावासाठी सेप्ट्रान (सल्फाचं अँटिबायोटिक) देतात तेव्हा सल्फाची ॲलर्जी आधी झालीये का ते नक्की सांगा, लूपसवाल्यांत ती जास्त दिसते.

दुसऱ्या अँटीबॉडींबद्दल ग्रुपमध्ये सारखं विचारतात. बेलिमुमॅब हे खास लूपससाठी मंजूर झालेलं पहिलं, मार्च 2011 मध्ये एफडीएने मान्यता दिली तेव्हा लूपससाठी पन्नासेक वर्षांत नवीन औषध आलं नव्हतं. ते बी पेशी मारत नाही, त्यांना जगवणारा बीएएफएफ नावाचा पदार्थ अडवतं. किडनीच्या लूपससाठी 448 पेशंटची ट्रायल 2020 मध्ये आली, दोन वर्षांनी बेलिमुमॅबवाल्यांत 43 टक्के आणि नुसत्या नेहमीच्या औषधांवर 32 टक्के जणांना ठरवलेला गुण आला. म्हणजे पुरावा रिटुक्सिमॅबपेक्षा पक्का, पण पहिल्या महिन्यात तीन डोस झाले की दर चार आठवड्यांनी ड्रिप, सलग चालू ठेवायचं, आणि खर्च कितीतरी जास्त. आमच्या ग्रुपमधली एक ताई न्यू जर्सीला आहे, ती घरच्या घरी आठवड्यातून एकदा स्वतः मांडीत पेनसारखं इंजेक्शन घेते आणि ऑफिसला जाते. दुसरं अ‍ॅनिफ्रोलुमॅब, 2021 चं, लूपस भडकवणाऱ्या इंटरफेरॉन नावाच्या पदार्थाची पेशीवरची जागा अडवतं, त्वचेच्या आणि सांध्यांच्या त्रासाला चांगलं म्हणतात पण नागिणीचा धोका वाढतो. आणि ओबिनुटुझुमॅब, रिटुक्सिमॅबच्याच जागी चिकटणारं पण बी पेशी जास्त चांगल्या साफ करणारं, त्याची किडनीच्या लूपसची यशस्वी ट्रायल 2025 मध्ये छापून आली, 76 आठवड्यांनी पूर्ण गुण आलेले 46.4 टक्के, तर नुसत्या नेहमीच्या औषधांवर 33.1 टक्के, आणि त्याच वर्षी एफडीएची मान्यताही मिळाली. म्हणजे बी पेशी काढायची कल्पना मुळात चुकीची नव्हती. माझ्या खिशाला सध्या परवडणारं आणि मला लागू पडलेलं रिटुक्सिमॅबच आहे आणि मी पुन्हा लागलं तर तेच घेईन.

पुन्हा कधी लागेल ह्यावर मात्र डॉक्टरांचं एकमत नाही. काही जण दर सहा महिन्यांनी ठरवून देतात, काही जण प्रोटीन वाढायला लागलं तरच. माझे डॉक्टर दुसऱ्या गटातले आहेत आणि मलाही ते बरं वाटतं, कारण औषधाच्या माहितीपत्रकाप्रमाणे ड्रिपनंतर 12 महिने गर्भधारणा टाळायची असते, दर सहा महिन्यांनी ड्रिप घेत राहिले तर बाळाचा विचार करायचा कधी? मायकोफेनोलेट पण बाळासाठी घातक, ते निदान दीड महिना आधी बंद करावं लागतं. माझं ते काढून अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी गोळी) चालू केलंय, ते आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन गरोदरपणातही चालतं. लूपस निदान सहा महिने शांत राहायला हवा ही डॉक्टरांची अट आहे, ते महिने आता चालू आहेत. सासूबाईंना मी हे सगळं कॅलेंडरवर खुणा करून समजावलं, त्यानंतर त्यांनी घरात हा विषय काढणाऱ्या पाहुण्यांना स्वतःच गप्प केलंय. लग्न ठरायचं असलेल्या मुलींनी तर हे तारखांचं गणित ड्रिप घ्यायच्या आधीच डॉक्टरांसमोर बसून करून घ्या, आणि शक्य असेल तर घरातलं एक मोठं माणूस सोबत न्या.